दोर हाताला गुंडाळायचा नाही

वारा समोरून असला की आमचे घरमालक चाचा सरळ चालत नसत. दिंद्रुडच्या बसथांब्यापासून त्यांच्या दुकानापर्यंत रस्ता चांगला सरळ आहे. पण चाचा उघडी छत्री अंगाशी तिरकी धरून आधी डावीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचे, तिथे टाचेवर वळून उजवीकडच्या केळीवाल्यापर्यंत, तिथून पुन्हा डावीकडे. नव्या माणसाला वाटावं, भरदिवसा घेतलेली दिसतेय. मीही त्या दिवशी नवाच होतो, खोली शोधत आलो होतो. खोली याच माणसाकडे आहे असं केळीवाल्याने सांगितलं तेव्हा बॅग उचलावी आणि आल्या गाडीने वडवणीला परत जावं असं मनात आलं होतं. गेलो असतो तर त्यांचं भलं झालं असतं.

"शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात न्हाई, डॉक्टरसाब," खोलीची किल्ली हातात द्यायच्या आधी त्यांनी मला सांगितलं. "नागमोडी न्यावी लागती. पायाला सवय ऱ्हावी म्हनून चालतो."

इथे होडी कुठे आहे, असं मी विचारलं. बांधतोय, म्हणाले.

मी डॉक्टर वगैरे नव्हतो. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागून तेव्हा मला वर्षही झालं नव्हतं, लसी टोचायचो आणि कानात बिल्ले मारायचो. पण गावात मला सगळे डॉक्टर म्हणत आणि मी कुणाची चूक दुरुस्त करत नसे. आमचं घर युसूफ वडगावच्या बाजूचं, मेंढरांचं. बाप, चुलते, सगळे काठी खांद्यावर घेऊन जन्मलेले. पाण्याशी आमचा संबंध जनावरांना पाजण्यापुरता.

चाचा तरुणपणी मुंबईला गेले होते आणि तिथे श्रीमंतांच्या शर्यतीच्या होड्यांची शिडं शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. शिवलेलं शीड नीट बसलं का ते पाहायला कारागिराला होडीत घेत, आणि अशा फेऱ्या मारता मारता ते होडी हाकायला शिकले. चाची आजारी पडल्या म्हणून गावी आले. चाची गेल्या, चाचा राहिले. दुकानात ताडपत्र्या शिवायचे. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या आधी त्यांच्या दारात रांग लावायच्या, कारण चाचांनी शिवलेली ताडपत्री फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, टाकली की कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत बघायला लागत नाही अशी ख्याती होती. दुकानावर दोन पाट्या होत्या. एकीवर "ताडपत्री शिवून मिळेल." दुसरीवर त्याच रंगात, त्याच अक्षरात, "शिडाची होडी शिकवण्यात येईल. आधी पोहणे शिकून यावे." दुसऱ्या पाटीचा पहिला आणि शेवटचा विद्यार्थी मी. पोहणं आधी एका विहिरीत शिकून घेतलं.

त्यांना लोकरीच्या धाग्यांचं वेड होतं. शिडाला दोन्ही अंगांनी धागे लावतात, धागा सरळ मागे वाहिला की वारा शिडावरून नीट चाललाय असं समजायचं, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की चाचांच्या घरात प्रत्येक वस्तूला धागा आहे. खिडकीच्या गजाला, दुकानाच्या कडीला, सायकलच्या घंटीला. एकदा सकाळी माझ्या मोटारसायकलच्या आरशालाही दिसला. मी आईने कातलेली काळी लोकर घरून आणून दिली तेव्हा ती त्यांनी बोटांत चोळून पाहिली, एक धागा तोंडासमोर धरून फुंकर मारली आणि एवढे खूश झाले की त्या रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच झालं. वारा सुटला, असं कुणी म्हणालेलं त्यांना खपत नसे. "सुटत न्हाई तो. हायेच. तुमी आत्ता बघितला."

धाग्यांवर जितकं प्रेम, तितकाच पक्क्या गाठींवर राग. त्यांना एकच गाठ मान्य होती, मोकळं टोक ओढलं की झटकन सुटणारी. ती मला शिकवली इथवर ठीक होतं. पण रस्त्याने जाता जाता कुणाची शेळी निरगाठीने बांधलेली दिसली की हा माणूस खाली बसून ती गाठ सोडायचा आणि आपली बांधायचा. शेजारच्या मावशींची एक शेळी हुशार निघाली. टोक दातात धरून ओढायचं तिला दोन दिवसांत जमलं, आणि तिसऱ्या दिवशी तिने मावशींची मेथी, शेपू आणि वाळत घातलेल्या परकराची एक बाजू खाल्ली. मावशी भांडायला आल्या. चाचांनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, कोणत्या बाजूच्या दातांनी ओढती? मावशींनी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

होडी बांधून होईपर्यंत माझी शिकवणी गच्चीवर, बाजेवर झाली. बाजेच्या मधे बांबू उभा बांधला, ती डोलकाठी. तिला जुन्या ताडपत्रीचं तिकोनी शीड. मागे केरसुणीचा दांडा, ते सुकाणू. मी काठावर बसून मागे रेलायचं, एका हातात दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला. दांडा चुकला की चाचा बाजेचा पाय धरून ती खरोखर चुकीच्या दिशेला फिरवायचे. आजूबाजूच्या गच्च्यांवर पापड घालणाऱ्या बायका हसून हसून खाली बसत. मला लाज वाटायची, त्यांना नाही. लाज हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता आणि माझ्याकडे होता तो जरा जास्तच होता. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माजलगावच्या धरणावर होडी पाण्यात टाकली तो दिवस मला तारखेशिवाय पूर्ण आठवतो. काठावरच्या एका भोयाने आपल्या छपराखाली तिला जागा दिली होती. मासे धरणारा माणूस, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आयुष्य काढलेला. वल्ह्याशिवाय होडी चालते हे त्याला पटत नव्हतं. आम्ही पाण्यात गेलो, काठ मागे सरकला, आणि चाचा बदलले. जमिनीवर ते मला डॉक्टरसाब आणि तुमी म्हणायचे. पाय काठावरून उचलला की "बे" सुरू.

"पैले काय शिकायचं, बे?"

मी म्हणालो, चालवायला.

"थांबायला," ते म्हणाले. "सोड दोर."

मी सोडला. दोर कप्पीतून सरसर निघून गेला, शीड फडफडलं, होडी दोन हात पुढे गेली आणि पाण्यात मुकाट उभी राहिली. एवढा मोठा वारा, एवढं पाणी, आणि काही करायचं नाही, नुसता हात उघडायचा. मला तो प्रकार फार आवडला. चाचांनी तो माझ्याकडून वीस वेळा करून घेतला आणि मग नियम सांगितला, तो एकच. दोर बांधायचा नाही, आणि हाताला गुंडाळायचा तर मुळीच नाही. झोत आला की पाणी काळं पडत पडत तुझ्याकडे येईल. ते दिसलं की हात उघड. होडी आपली आपण सरळ होते.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या घरात पोराला चालायला आलं की पहिली शिकवण असते, जनावर ओढायला लागलं की दोराचे दोन वेढे पंजाला मारायचे, टाचा रोवायच्या आणि मरू पण सोडायचं नाही. दोर सोडून घरी आलेल्याला बाप जेवायला बसू देत नसे. एका जत्रेत उधळलेल्या खोंडामागे मी अर्धं मैदान पोटावर फरफटत गेलो होतो, पण दोर हातात होता, आणि बाप ते लोकांना अजून सांगतो. चाचांच्या होडीत जरा ओढ लागली की माझा पंजा माझ्या नकळत वेढा घ्यायचा. चाचा छत्रीच्या दांड्याने मनगटावर टक् करायचे. "हे जनावर न्हाई, बे. ओढलं तर जाऊ द्यायचं." मी वेढा काढायचो. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

वर्षभरात रविवारमागून रविवार गेले. मला बऱ्यापैकी यायला लागलं. काठावरची पोरं विचारायला लागली, आम्हाला कधी शिकवणार? चाचा म्हणायचे, आधी पोहून दाखवा. एवढं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

त्यांचा मुलगा पुण्याला एका कारखान्यात होता. सुट्टीत यायचा, शांत, समजूतदार माणूस. त्या दिवाळीच्या सुट्टीत तो आला तो ठरवूनच, की अब्बांना घेऊन जायचं. सत्तरीचा बाप एकटा राहतो आणि वर धरणावर जातो, या काळजीने त्याला झोप लागत नव्हती, आणि त्यात वावगं काही नव्हतं. अंगणात आम्ही तिघे बसलो होतो. मुलाने दुकानातून एक ताडपत्री आणून बापाच्या मांडीवर पसरली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. शिवण एका जागी तिरकी गेली होती. तो म्हणाला की तुमचे डोळे आणि हात पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि त्याच हातांनी बांधलेल्या होडीत तुम्ही बसता.

चाचांनी ती तिरकी शिवण नखाने चाचपली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, याला एकट्याला पाठवतो. पल्याडच्या काठाला हात लावून हा परत आला तर माझे हात चांगले आहेत. मग मी इथेच राहणार, पोरांना शिकवणार, आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस.

मुलाने विचार केला. माणूस न्यायाने वागणारा होता. "चूक डॉक्टरची झाली तर ती तुमची धरणार न्हाई, पुन्हा एकदा बघू," तो म्हणाला. "पण होडीचं काई मोडलं, अडकलं, तर बॅग भरायची, अब्बा."

चाचांनी मान डोलावली. मी तिथेच होतो. एक अन् एक शब्द मी माझ्या कानांनी ऐकला होता, हे लिहून ठेवतो, म्हणजे मला पुढे पळवाट राहणार नाही.

रविवारी सकाळी वारा आमच्या काठाकडून पल्याड वाहत होता. शिकणाऱ्यासाठी हे उलटं. जाणं सोपं, येणं अवघड. एरवी चाचांनी अशा वाऱ्यात मला सोडलं नसतं, पण मुलाची सुट्टी त्या दिवशी संपत होती. चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी मोठ्या ऐटीत चालेल म्हणालो.

गेलो तर बघता बघता पोचलो. पल्याडच्या बाभळीची फांदी धरली, हलवली, काठावरच्या तीन ठिपक्यांनी हात वर केले. परत येताना नागमोडी आलो, अगदी चाचा बाजारात चालायचे तसा. एक वळण, दुसरं वळण, शिडावर आईच्या लोकरीचे धागे सरळ मागे. आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे. तिसऱ्या वळणाला काठावरच्या माणसांचे चेहरे दिसायला लागले होते. तेवढ्यात त्यांच्या पायापासून पाणी काळं पडत माझ्याकडे यायला लागलं.

मला ते दिसलं. काय करायचं तेही माहीत होतं. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता, त्यामुळे चाचांचा आवाजही स्वच्छ ऐकू आला.

"सोड, बे! सोड!"

होडी कलली, दोराने ओढ घेतली आणि माझ्या पंजाने दोन वेढे मारले. टाचा रोवल्या. मी सगळी ताकद लावून ओढत राहिलो, आणि होडी शांतपणे माझ्यासकट आडवी झाली. तिथे पाणी उथळ होतं. डोलकाठी गाळात रुतली आणि मोडली. भोयाने तराफा आणून मला वर घेतलं आणि होडी ओढत काठाला आणली.

मी काठावर उभा, ओलाचिंब, अंगावर बुडू नये म्हणून घालतात ती नारिंगी बंडी. भोई आणि त्याची माणसं भोवती जमली होती. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या म्हशींना मी टोचलेलं, मी त्यांचा डॉक्टर. मुलाने माझ्या पाठीवर पंचा टाकला आणि विचारलं, "काय झालं?"

एका वाक्याचं काम होतं. दोर मी सोडला नाही. एवढं म्हणायचं, चारचौघांत हसू करून घ्यायचं, आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा होडी घेऊन जायचं. मी म्हणालो, "दोर सुटंना. कप्पीत अडकला."

मुलाने बापाकडे पाहिलं. रागाने नाही, वाईट वाटून पाहिलं, आणि ते जास्त लागलं असणार. चाचा माझ्याजवळ आले. माझा उजवा हात उचलून त्यांनी पंजा उघडला. पंजावर दोराचे दोन लालभडक वळ होते, एकाशेजारी एक, वेढ्यासारखे. कप्पीत अडकलेला दोर हाताला असे वळ देत नाही. त्यांनी ते पाहिले. मग त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटली आणि मूठ माझ्या छातीशी सोडली.

"हां," ते मुलाला म्हणाले. "कप्पी जुनीच होती."

कप्पी जुनी नव्हती. होडीत नवीन घेतलेली तीच एक वस्तू होती आणि दर शुक्रवारी नमाजहून आल्यावर ते तिला तेल द्यायचे. हे त्यांना माहीत होतं, आणि मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने गाडी बोलावली. मी दवाखान्यात न जाता दारात उभा होतो, सांगायचं ठरवून. चाचा गाडीत बसले आणि उतरले. छत्री राहिली म्हणून आत गेले. मी सोबत आत गेलो. छत्री शोधायला त्यांना पाच मिनिटं लागली, ती खुंटीला समोरच होती. मी काही बोललो नाही. ते जाऊन बसले, पुन्हा उतरले. चष्मा. पुन्हा आम्ही दोघे आत, ते फडताळ चाचपतायत, मी मागे उभा. चष्मा त्यांच्या खिशात सापडला. तिसऱ्यांदा उतरले ते लोकरीसाठी. मुलगा वैतागला होता. मला वाटलं, म्हातारपण, घरातून पाय निघत नाही. आईची उरलेली लोकर मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग म्हणाले, "चला, डॉक्टरसाब." आणि गाडी गेली.

फोनवर बोलायचो आम्ही. ते सातव्या मजल्यावरच्या वाऱ्याविषयी बोलायचे, मी म्हशींविषयी. दर वेळी वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय होणार. होडी भोयाच्या छपराखाली वाळत पडली, तिच्या फळ्या सुटल्या, आणि एका उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा ती उलटी घालून खाली कोंबड्या ठेवल्या होत्या. माझी बदली झाली, लग्न झालं. चाचा गेले ते मला आठ दिवसांनी कळलं.

या वर्षी मुलगा घर विकायला आला आणि त्याने मला बोलावून घेतलं. दुकान रिकामं झालं होतं, दुसरी पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती बघून मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मी त्याला सांगितलं, कप्पी अडकली नव्हती, मी दोर सोडला नाही.

तो म्हणाला, माहीत आहे. "अब्बांनी गाडीतच सांगितलं. तेलगाव गेल्यावर."

मी म्हणालो, मग तुम्ही गाडी फिरवली का नाही? माझी चूक होती, ठरल्याप्रमाणे त्यांना आणखी एक संधी होती.

"मी म्हनलो फिरवतो. तर नको म्हनले. तुमच्या तोंडून यायला पायजे होतं, दुसऱ्यानं सांगितलं तर डॉक्टर गावात तोंड कसं दाखवंल म्हनले." त्याने पाटीवरची धूळ हाताने पुसली. "आन म्हनले, मी तीन डाव उतरलो. त्यो काईच बोलला न्हाई."

मला ती सकाळ आठवली. छत्री समोर खुंटीलाच होती. चष्मा खिशातच होता.

जाताना मुलाने त्यांच्या सामानातून एक पुडकं काढून मला दिलं. जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळलेली ती कप्पी होती. ती आता माझ्या कपाटात आहे. बोट लावलं की अजून फिरते, आवाजही करत नाही.